एका पॅनमधला पास्ता आणि बीफ खिमा: सगळा खेळ पाण्याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे एकच मोठा पॅन आहे, अपार्टमेंटमध्ये विजेची कॉइलची शेगडी आहे, आणि रात्री घरी आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जेवायचं आहे. एल्बो मॅकरोनी आणि एक पाउंड ग्राउंड बीफ घेऊन तो एकाच पॅनमध्ये सगळं करतो. पण खिमा करडा पडतो आणि उकडल्यासारखा लागतो, पास्ता वरून गिच्च आणि आतून कच्चा राहतो, तळाला लागतं, आणि वर तेलाचा तवंग येतो. शेवटी त्याने विचारलंय की, घरी आई धुते तसा हा खिमा धुवून घ्यायचा का?

माझी बरीच वर्षं अमेरिकेतल्या हॉटेलांच्या आणि कॉलेज कँटीनच्या भटारखान्यांत गेली आहेत, आणि हा पदार्थ मी लहान पॅनमध्येही केला आहे आणि पंगतीच्या मापानेही. तवंग सोडला तर बाकीच्या तक्रारी एकाच कारणाच्या आहेत: पाणी. खिमा भाजताना पॅनमध्ये पाणी नको असतं, तेव्हा ते असतं. पास्त्याला मोकळं पाणी हवं असतं, तेव्हा त्याच्या वाट्याला घट्ट टोमॅटो येतो. एवढा क्रम सुधारला की झालं.

तुम्ही ओहायोत आहात म्हणून एक गंमत सांगतो. मॅकरोनी, बीफ खिमा, टोमॅटो आणि चीज यांचा तिथला जुना भाजलेला प्रकार ‘जॉनी मार्झेटी’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याचं नाव कोलंबस शहरातल्या मार्झेटी रेस्टॉरंटशी जोडलं जातं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये जवळपास हेच ‘अमेरिकन चॉप सुई’ होतं, मिडवेस्टमध्ये ‘गुलाश’. नावं चिनी आणि हंगेरियन पदार्थांची, पण चीन आणि हंगेरी दोघांनीही हात वर करावेत असा मामला. १९७१ मध्ये जनरल मिल्स या खाद्यकंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ देशभर बाजारात आणलं. खोक्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची पुडी. तुम्ही फक्त पाउंडभर खिमा आणायचा. मांस महाग होत होतं, आणि पाउंडभर खिम्यात घरातल्या सगळ्यांचं जेवण भागत होतं. पास्ता वेगळा उकडायचा नाही, सॉसमध्येच शिजवायचा, ही सवय अमेरिकन घरांत या खोक्याने चांगलीच रुजवली. आपण पुडीशिवाय तेच करणार आहोत.

आधी धुण्याचं. धुवू नका. आपल्याकडे खाटकाकडून आणलेला खिमा बारीक चाळणीत घालून नळाखाली धरतात, हे मला माहीत आहे, आणि ती सवय सोडताना मन कचरतं हेही माहीत आहे. पण धुण्याने जंतू जात नाहीत; ते सिंकमध्ये, ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. अमेरिकेचं कृषी खातंही मांस धुऊ नका असंच सांगतं. खिम्याची अडचण अशी की मांसाच्या अखंड तुकड्यावर जे पृष्ठभागावर असतं ते दळताना आत सगळीकडे मिसळतं. ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ हा जंतू कच्च्या ग्राउंड बीफमध्ये सापडला तर तो माल विक्रीयोग्य नाही, असं तिथल्या सरकारने १९९४ पासून ठरवलं आहे. त्यावर घरातला उपाय एकच, उष्णता: खिमा आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे. आपल्या पदार्थात तो पास्त्याबरोबर दहा-बारा मिनिटं रटरटतो, त्यामुळे ती काळजी नाही. फक्त कच्च्या खिम्यात फिरवलेलं उलथनं न धुता शेवटी चव बघायला वापरू नका. आणि धुतलेला खिमा ओला असतो, म्हणजे पहिली तक्रार तुम्ही नळाखालीच ओढवून घेता.

पाकीट फोडल्यावर वरचा थर लाल आणि आतला करडा दिसला तर घाबरू नका. आत हवा पोचत नाही म्हणून रंग तसा असतो. वास आंबूस किंवा हाताला बुळबुळीत लागलं तर मात्र सरळ कचऱ्यात. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावा. तुमच्यासारख्या उशिरा घरी येणाऱ्याने आणल्या दिवशीच पाउंडाचे भाग करावेत, झिपच्या पिशवीत बोटभर जाडीचे चपटे थापून फ्रीझरमध्ये आडवे ठेवावेत. असं चपटं पाकीट थंड पाण्यात बुडवलं की तासाच्या आत सुटतं. मग ते लगेच शिजवायचं. गोळा करून गोठवलेला खिमा बाहेरून सैल होतो आणि आत दगड राहतो.

कुठला घ्यायचा? पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असे आकडे असतात. दुसरा आकडा चरबीचा. ८०/२० च्या एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण ९० ग्रॅम चरबी असते. बर्गरला ती हवी, कारण बरीचशी गळून जाते. इथे सगळं त्याच पॅनमध्ये राहतं, म्हणून तवंग येतो. ९३/७ घेतला तर खिमा भुरभुरीत आणि कोरडा होतो. मी ८५/१५ घेतो. दुकानात ८०/२० स्वस्त मिळाला तर तोही चालेल, फक्त चरबी काढावी लागेल.

आता जिन्नस, चौघांपुरते: एक पाउंड खिमा, खोक्यातली अर्धी, म्हणजे २२५ ग्रॅम मॅकरोनी, एक मध्यम कांदा, तीन-चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, टोमॅटो सॉसचा १५ औंसांचा डबा (अमेरिकन डब्यातला, साधा आणि अगोड, केचप अजिबात नको), दोन कप कमी मिठाचा बीफ स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, तयार मिळतं), एक चमचा पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), अर्धा चमचा सुका ओरेगानो, एक चमचा वूस्टरशर सॉस (बाटलीतला आंबट-खारट पातळ सॉस), मिरपूड, आणि किसलेलं चेडर चीज, साधारण एक कप. शिवाय अर्धा कप गरम पाणी हाताशी असू द्या.

खिमा भाजणं ही यातली खरी कारागिरी, त्यामुळे तिथे जरा थांबतो. मांसाला खरपूस रंग आणि वास येतो तो मेयार अभिक्रियेमुळे. लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. प्रथिनं आणि साखरेचे अंश एकत्र तापतात तेव्हा ती घडते, आणि जोरात घडायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागते. पाणी मात्र १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे पॅनमध्ये पाणी साचलेलं आहे तोवर खिमा उकडतोय, भाजत नाही. तुम्ही बहुधा अर्धवट तापलेल्या पॅनमध्ये खिमा टाकता आणि लगेच उलथन्याने मोडत, हलवत बसता. बारीक केलेल्या प्रत्येक कणातून पाणी सुटतं, पॅन थंड पडतो, आणि करडं डबकं तयार होतं.

म्हणून उलट करा. पॅन मध्यम-तीव्र आचेवर चांगला तापू द्या, कॉइलवर तीन-चार मिनिटं सहज लागतात. चमचाभर तेल. खिमा कागदी रुमालाने टिपून घ्या आणि एक मोठी जाड भाकरी थापावी तसा पॅनमध्ये पसरून दाबा. आणि मग चार मिनिटं हात लावू नका. हे सगळ्यात अवघड आहे. स्वयंपाकघरात नवीन आलेल्या प्रत्येकाचा हात शिवशिवतो. चुरचुर आवाज येत राहिला पाहिजे. आवाज बदलून बुडबुड होऊ लागला तर आच वाढवा. चार मिनिटांनी कडा उचलून पाहा: तळ गडद तपकिरी दिसला की चार-सहा मोठे तुकडे करून उलटा, आणखी दोन मिनिटं, आणि मगच मोडा. सगळा खिमा सारखा तपकिरी व्हायची वाट पाहू नका, तोवर तो चामट होईल. एक बाजू नीट भाजली की सगळ्या पदार्थाला पुरेल इतकी चव तयार होते.

पंधरा मिनिटं आधी आठवलं तर आणखी एक युक्ती: पाव चमचा खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून पाउंडभर खिम्याला हलक्या हाताने चोळून ठेवा. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, प्रथिनं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पॅनमध्ये कमी पाणी सुटतं आणि रंगही लवकर येतो. पावच चमचा हं. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

आपल्या घरच्या खिम्याची रीत याच्या उलटी आहे. तिथे आधी कांदा आणि वाटण परततो, मग खिमा घालतो, त्याला पाणी सुटू देतो, त्या पाण्यातच तो शिजतो आणि शेवटी तेल सुटेपर्यंत परततो. तिथे चव मसाल्याच्या परतण्यातून येते आणि वेळही भरपूर असतो. इथे गरम मसाला नाही, वाटण नाही, अर्धा तास आहे. चव द्यायला मांसाचं भाजणं एवढंच हाताशी आहे. मला वाटतं तुम्ही नकळत आईच्या खिम्याचा क्रम अमेरिकन पदार्थाला लावताय.

खिमा मोडून झाला की पॅन तिरका करा आणि चरबी चमच्याने काढा. साधारण एक मोठा चमचा राहू द्या. ती सिंकमध्ये ओतू नका, पाइपात थिजून बसते आणि मग घरमालकाशी बोलणी करावी लागतात. टोमॅटोचा रिकामा डबा त्यासाठी उत्तम. तवंगाचं निम्मं कारण इथे संपतं. उरलेलं निम्मं पास्त्याचं पीठ संपवतं, ते पुढे.

आता आच मध्यम करून बारीक चिरलेला कांदा आणि थोडं मीठ. कांद्याला पाणी सुटतं आणि तळाचा चिकटलेला तपकिरी थर सैल होऊ लागतो. तीन-चार मिनिटांनी लसूण, पॅप्रिका, ओरेगानो आणि टोमॅटो पेस्ट. पेस्ट मिनिट-दीड मिनिट परता, लाल रंग विटकरी होईपर्यंत. कच्ची राहिली तर शेवटपर्यंत डब्याचा वास येतो. मग वूस्टरशर आणि सगळा स्टॉक ओता आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढा. तो थर चवीचा आहे, पण तळाला राहिला तर पुढे तोच करपतो.

आता पास्ता. अशा पास्त्याला मसालेभाताचा नियम लावा: पाणी मोजून घालायचं आणि त्यातलं काहीच ओतून द्यायचं नाही. कोरडा पास्ता शिजून वजनाने दुपटीच्या थोडा वर जातो, म्हणजे २२५ ग्रॅमला पावणेतीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी तो स्वतः पितो. बारा इंची पॅनमधून वाफेने बरंच जातं. उरलेल्याचा सॉस होतो. दोन कप, म्हणजे ४८० मिलिलिटर स्टॉक आणि वर डब्यातला टोमॅटो, एवढ्यात हिशेब जमतो.

बहुतेक पाककृती स्टॉक आणि टोमॅटो एकदम घालायला सांगतात. मी तसं करत नाही. टोमॅटोचा सॉस घट्ट असतो, त्यातलं पाणी पास्त्याला सहज मिळत नाही, आणि त्याचा गर जड असल्याने तळाशी बसून करपतो. तुमचा पास्ता बाहेरून चिकट आणि आतून कच्चा राहतो तो यामुळेच: बाहेरचं पीठ सुटून गिच्च होतं आणि आत पाणी पोचत नाही. म्हणून आधी नुसत्या स्टॉकला खळखळून उकळी आणा, मॅकरोनी घाला, ढवळून सपाट करा म्हणजे सगळी बुडेल, झाकण ठेवा आणि आच मध्यम-मंद करा. पहिली दोन मिनिटं महत्त्वाची, पास्ता एकमेकांना चिकटतो तो तेव्हाच. त्या वेळात दोनदा तळापासून ढवळा. मग दर दोन मिनिटांनी एकदा. सहा मिनिटांनी टोमॅटोचा डबा ओता, झाकण अर्धवट ठेवा, आणखी पाच-सहा मिनिटं. खोक्यावर सात-आठ मिनिटं लिहिलेली असतात, ती भरपूर उकळत्या पाण्यातली; इथे अकरा-बारा धरा. कोरडं वाटलं तर हाताशी ठेवलेलं पाणी दोन-दोन चमचे घाला, आणि ते गरमच हवं.

पास्त्यातून सुटलेलं पीठ तुम्ही ओतून देत नाही, ते सॉसमध्येच राहतं आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवतं. वर तरंगणारी चरबी त्यातच मिसळून जाते. शेवटी मात्र जोरात ढवळायला हवं, नुसतं झाकून ठेवून हे होत नाही.

थोडा सैल, ओघळता दिसत असतानाच शेगडी बंद करा. पाच मिनिटांत पास्ता आणखी पाणी ओढतो आणि ताटात येईपर्यंत बरोबर होतो. पॅनमध्येच बरोबर दिसला तर ताटात गोळा मिळेल. कॉइलची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. पॅन उचलून थंड कॉइलवर ठेवा. आच कमी करतानाही हाच त्रास: उकळी आल्यावर बटण फिरवून लगेच उपयोग होत नाही, तेव्हा शेजारची कॉइल आधीच मंदावर लावून ठेवावी आणि पॅन तिकडे सरकवावा. तळाला लागण्याची तुमची तक्रार यानेच निम्मी कमी होईल. पॅन जाड बुडाचा आणि अडीच-तीन इंच खोल हवा. बिडाचा चांगला मुरलेला असेल तर चालेल, पण टोमॅटो त्यात रात्रभर ठेवू नका, वरचा थर निघतो. नॉनस्टिक असेल तर रिकामा तीव्र आचेवर तापवायचा नाही. त्यात भाजणं थोडं फिकं होईल, चालवून घ्या. आणि खिडकी उघडा. अपार्टमेंटमधले शेगडीवरचे कित्येक पंखे हवा बाहेर न फेकता गाळून परत घरातच सोडतात, आणि धुराचा अलार्म भाजणं आणि जळणं यात फरक करत नाही.

चीज शेगडी बंद केल्यावरच. पिशवीतलं किसलेलं चीज सुटं राहावं म्हणून त्याला सेल्युलोज किंवा स्टार्च लावलेलं असतं, त्यामुळे ते गुळगुळीत वितळत नाही. वडी आणून स्वतः किसा. फार जुनं, तीक्ष्ण चेडर उकळत्या सॉसमध्ये रवाळ होतं. मध्यम मुरलेलं घ्या, किंवा अमेरिकन चीजच्या एक-दोन चकत्या त्यात टाका. त्यातल्या क्षारांमुळे सगळं एकजीव होतं. मीठ चीज गेल्यावर चाखून ठरवा, कारण स्टॉक आणि चीज दोन्ही खारट. तिखट हवं असेल तर पॅप्रिकाबरोबर काश्मिरी मिरचीची पूड घाला. गोडा मसाला नको. चीज आणि दगडफूल यांचं जमत नाही, हे माझं मत.

खोलीतला एखादा जोडीदार बीफ खात नसेल तर त्याच कृतीने टर्कीचा किंवा चिकनचा खिमा करा. त्यात चरबी कमी, म्हणून दोन चमचे तेल आणि थोडं जास्त वूस्टरशर; आणि पक्ष्यांचं मांस १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत पोचलं पाहिजे. त्याच्यासाठी पॅनच वेगळा ठेवायचा का, हे आधीच विचारून घ्या, जेवायला बसल्यावर नव्हे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. तिथे कोणी हे करणार असेल तर मिळेल ते म्हशीचं मांस. त्यात चरबी कमी असते, ९३/७ सारखं वागवा. आणि पास्ता ड्युरम गव्हाचाच बघून घ्या. मैद्याचा यात विरघळून खळ होतो.

शेवटचं, मापाबद्दल, कारण हे विचारलं नसलं तरी तुम्ही उद्या विचारालच. एकट्यासाठी निम्मं करायचं असेल तर पाणी निम्मं करून चालत नाही. वाफ पॅनच्या रुंदीवर अवलंबून असते आणि पॅन तोच आहे, म्हणून स्टॉक एक कपाऐवजी सव्वा कप घ्या. मित्र जेवायला आले आणि दुप्पट करायचं ठरलं तर खिमा दोन खेपांत भाजा, एकदम घातला तर परत करडं डबकं होईल. स्टॉक मात्र चार कप नको, साडेतीन पुरतो. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, तीन-चार दिवस टिकतं. रात्रीत पास्ता सगळा सॉस पिऊन टाकतो, तेव्हा गरम करताना वाडग्यामागे दोन-तीन चमचे पाणी घाला, झाकून मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, आणि मध्ये एकदा ढवळा.